ग्लोरियाची तीन उत्तरं

दरवर्षी नवी बॅच जरा रुळली, मुलं एकमेकांना नावानं हाक मारायला लागली, की मी वर्गात एक जुनी फिल्म लावते. १९६४ साली कॅलिफोर्नियात चित्रित झालेली, १९६५ मध्ये बाहेर आलेली. तिशीतली ग्लोरिया नावाची एक बाई एकाच दिवसात तीन नामवंत मानसोपचारतज्ज्ञांसमोर आळीपाळीनं बसते आणि आपलं दुखणं सांगते. शेवटची काही मिनिटं राखून ठेवून मी फिल्म थांबवते आणि हात वर करायला लावते: या बाईला सगळ्यात जास्त उपयोग कुणाचा झाला असेल?

बहुतेक हात कार्ल रॉजर्स यांच्यासाठी वर जातात. काही अल्बर्ट एलिस यांच्यासाठी, कारण कि. मो. फडके यांनी एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत मराठीत आणून रुजवली आणि आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळांनी ती आधीच वाचलेली असते. फ्रिट्झ पर्ल्स यांना एखादं मत पडतं, तेही बिचकत, आजूबाजूला बघत.

मग मी राहिलेली मिनिटं दाखवते. तिथं हाच प्रश्न खुद्द तिला विचारलेला आहे, आणि ती पर्ल्स यांचं नाव घेते.

वर्गात कुजबुज होते. ती थांबली की मी सांगते, हे तिचं पहिलं उत्तर. अजून दोन आहेत. क्लायंटला उपचार आतून कसे वाटतात याचा अभ्यास कसा करायचा, किंवा खरं तर तो करणं इतकं अवघड का आहे, हे शिकवायला मला ग्लोरियाइतकं चांगलं प्रकरण दुसरं मिळालेलं नाही.

त्या दिवशी काय झालं

फिल्म बनवणारे एव्हरेट शोस्ट्रॉम स्वतः मानसशास्त्रज्ञ. ग्लोरिया त्यांच्याकडे आधीपासून उपचार घेत होती आणि त्यांच्याच विचारण्यावरून कॅमेऱ्यासमोर बसायला तयार झाली. हा तपशील मी फळ्यावर लिहून ठेवते, पुढे लागतो. आपल्याच थेरपिस्टच्या प्रकल्पाला ‘हो’ म्हणणारी क्लायंट किती मोकळेपणानं ‘हो’ म्हणाली असेल, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला असेल असं वाटत नाही.

ग्लोरिया घटस्फोटित. नऊ वर्षांची मुलगी, पॅमी. घटस्फोटानंतर आईचे कुणा पुरुषाशी शरीरसंबंध आले का, असं पॅमीनं तिला सरळ विचारलं होतं. ग्लोरिया ‘नाही’ म्हणाली होती. ते खोटं होतं, आणि ते तिला आतून कुरतडत होतं. १९६४ सालची ही गोष्ट आहे, हे वर्गातल्या मुलांना दरवेळी आठवण करून द्यावं लागतं. कॅमेऱ्यासमोर, नाव न बदलता, हे बोलणं म्हणजे काय होतं!

रॉजर्स यांच्यासमोर ती हेच घेऊन येते आणि उत्तर मागते. मुलीला खरं सांगू की नको, ते तुम्ही सांगा. रॉजर्स देत नाहीत. द्यावंसं वाटतं, असं म्हणतात, पण देत नाहीत. ती पुन्हा मागते, वेगळ्या तोंडानं मागते, जरा चिडतेही. ते तिच्याच बोलण्यातला अर्थ उचलून तिच्या हातात परत ठेवत राहतात. शेवटाकडे ती म्हणते की तुम्ही माझे वडील असता तर मला आवडलं असतं. तिचे स्वतःचे वडील तिच्याशी असं कधी बोललेच नव्हते. त्यावर रॉजर्स म्हणतात, मला तू छान मुलगी वाटतेस. हे वाक्य उपचाराच्या चौकटीत बसतं की नाही यावर लोकांनी पुढे पानंच्या पानं खर्च केली. माझ्या वर्गात मात्र या जागी हमखास कुणीतरी नाक ओढतं.

पर्ल्स यांची बैठक बघवत नाही म्हणणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात. ग्लोरिया सुरुवातीलाच म्हणते की मला भीती वाटतेय, आणि हसते. पर्ल्स ते हसू पकडतात. भीती वाटते म्हणतेस आणि हसतेस, म्हणजे हे ढोंग. ती संतापते. लहानपणी कोपऱ्यात जाऊन लपावं तसं वाटतंय, असं सांगते, तर ते त्या कोपऱ्याच्याच मागे लागतात. पायाची हालचाल झाली की, आत्ता पायानं काय करते आहेस? ती त्यांना ढोंगी म्हणते, तेही तिला तेच म्हणतात. आवाज चढतात. मधूनमधून मात्र ती अशी काही उसळून बोलते की रॉजर्स यांच्यासमोर बसलेली बाई हीच का, असं वाटावं.

एलिस यांची बैठक सगळ्यात छोटी आणि सगळ्यात वेगवान. पुरुषांशी ओळख करून घेताना ती का बुजते, डोक्यात कुठली वाक्यं घोळतात, ती कशी मोडायची, आणि घरी जाऊन काय करून बघायचं. एवढ्या वेळात फार कोंबायला गेलो, असं एलिस यांनीच पुढे मान्य केलं.

दिवस संपताना शोस्ट्रॉम तिला विचारतात, कसं वाटलं. तिचं उत्तर फार नेमकं आहे. रॉजर्स यांच्याबरोबर आपली मऊ, मायाळू बाजू जाणवली. पर्ल्स यांच्याबरोबर भावना उसळल्या, झगडायची ताकद वर आली. एलिस यांच्याबरोबर डोकं चालवावं लागलं. आणि आयुष्याच्या या टप्प्यावर कदाचित पर्ल्स सर्वात उपयोगी पडतील.

तिनं ‘आवडले’ म्हटलेलं नाही, हे वर्गात नेहमी निसटतं. आवडणं आणि उपयोगी पडणं या दोन गोष्टी ती त्याच दिवशी, दमलेली असताना, वेगळ्या करून दाखवते. आपले फीडबॅक फॉर्म अजूनही त्या एकाच रकान्यात भरून घेतात.

वर्षभरानंतर

सुमारे वर्षानं रॉजर्स यांच्या एका शनिवार-रविवारच्या शिबिराला ग्लोरिया आली आणि तिनं बोलायला वेळ मागितला. तेव्हा ती पर्ल्स यांच्यावर भडकलेली होती. त्यांनी सांगितलं तसं मी का करत गेले? माझी सूत्रं मी त्यांच्या हातात का दिली? पुढे जेवणाच्या वेळी तिनं रॉजर्स आणि त्यांच्या पत्नी हेलन यांना विचारलं, मनातल्या मनात मी तुम्हाला आईवडील मानलं तर चालेल का? दोघांनी आनंदानं होकार दिला. त्यानंतर १९७९ मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ पंधरा वर्षं, ती त्यांना अधूनमधून पत्रं लिहीत राहिली. अर्ध्या तासाची एक भेट, आणि पंधरा वर्षांची पत्रं.

तर हे दुसरं उत्तर. वर्ग सुटकेचा श्वास सोडतो. बघा, म्हणजे आमचेच हात बरोबर होते.

इथं मी जरा वाईटपणा घेते. हे उत्तर आपल्यापर्यंत कुणी पोचवलं? रॉजर्स यांनीच, १९८४ मध्ये लिहिलेल्या एका टिपणातून. ते कुठे दिलं गेलं? रॉजर्स यांच्या शिबिरात, रॉजर्स समोर बसलेले असताना. पहिलं उत्तर तिच्या थेरपिस्टसमोर दिलेलं, दुसरं तिनं मनानं मानलेल्या वडिलांसमोर. रॉजर्स खोटं लिहितील असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण ज्याच्याबद्दल विचारायचं त्याच्याच देखत विचारलं तर काय ऐकू येतं, हे घरात सासूसमोर सुनेला ‘भाजी कशी झालीय?’ विचारणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

शिवाय वर्षभरात तिनं स्वतःला पडद्यावर पाहिलं होतं. तो अनुभव मूळ अनुभवात मिसळला नसेल असं कसं म्हणावं?

राख

तिसरं उत्तर कुठल्याच चित्रफितीत नाही. ग्लोरियानं ते नंतर सांगितलं.

चित्रीकरण संपलेलं. मंडळी उभ्या उभ्या बोलत होती. पर्ल्स सिगारेट ओढत होते. त्यांनी ग्लोरियाकडे बघून हातानं खूण केली, ओंजळ कर. तिनं केली, का ते न कळता, आपसूक. पर्ल्स यांनी तिच्या हातात सिगारेटची राख झटकली.

क्षुल्लक गोष्ट आहे का, असं तिनंच विचारलं आहे. आणि म्हटलं आहे की असेलही, आपल्याला कुणी ॲशट्रे समजलं तरी चालत असेल तर.

या फिल्मच्या संवादांचं शब्दन्‌शब्द विश्लेषण झालेलं आहे. कुणी किती प्रश्न विचारले, कितीदा मध्ये तोडलं, भावनावाचक शब्द किती आले, सगळं मोजून झालं आहे. त्या सगळ्या मोजणीत ही राख कुठेही नाही, कारण ती बैठकीत पडलीच नाही. उपचाराचा अनुभव म्हणजे उपचाराच्या वेळेत घडलेलं, हे आपण गृहीतच धरतो. क्लायंट मात्र जिन्यात, दारात, पैसे देताना, ‘पुढच्या आठवड्यात फोन करा’ ऐकतानासुद्धा अनुभव घेत असतो.

मला त्या प्रसंगात पर्ल्स यांच्यापेक्षा तिचा हात जास्त दिसतो. खूण झाली आणि हात पुढे आला. वर्षानंतर ती जे विचारते, ‘मी तसं का केलं’, ते त्या हाताबद्दलच आहे.

एक कबुली इथंच देऊन टाकते. हे लिहिताना मी रॉजर्स, पर्ल्स, एलिस या तिघांनाही ‘ते’ म्हणते आहे आणि ग्लोरियाला ‘ती’. ते म्हणतात, ती म्हणते. मराठीत दुसरं काही लिहिणं कानाला खटकतं. ‘ग्लोरियाबाई म्हणाल्या’ लिहून बघितलं, तर भिशीतल्या कुणीतरी वाटायला लागल्या. तेव्हा तसंच ठेवलं आहे. पण आपल्याकडे क्लायंट दारातून आत येतो तेव्हा हे व्याकरण त्याच्या आधी आत येऊन बसलेलं असतं.

आज्ञाधारक हाताचा अभ्यास

या हाताला पुढे एका संशोधकानं नाव दिलं. त्याच्या डोळ्यांसमोर ग्लोरिया नव्हती, पण मला दोन्ही प्रकरणं एकाच माळेतली वाटतात. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातले डेव्हिड रेनी. त्यांनी साधन घेतलं नॉर्मन केगन यांचं. केगन यांनी साठच्या दशकात मिशिगन स्टेट विद्यापीठात एक युक्ती बसवली होती: भेट रेकॉर्ड करायची, आणि ती ताजी असतानाच त्या माणसाला परत ऐकवायची किंवा दाखवायची. मधे थांबवायचं बटण त्याच्या हातात. जिथं काही आठवेल, जाणवेल, तिथं त्यानं थांबवायचं आणि त्या क्षणी आत काय चाललं होतं ते सांगायचं. समोर बसलेल्यानं सल्ला द्यायचा नाही, अर्थ लावायचा नाही, फक्त विचारायचं.

रेनी यांनी हे चौदा क्लायंटबरोबर केलं. नुकतंच सेशन झालेलं, टेप सुरू, थेरपिस्ट खोलीत नाही. १९९४ मध्ये त्यांनी जे मांडलं, त्याचा गाभा एका शब्दात सांगायचा तर भीड. थेरपिस्टचं चुकतंय असं वाटूनही क्लायंट बोलत नाहीत. टीका केली तर नातं बिघडेल म्हणून गप्प राहतात. ‘त्यांचा काहीतरी उद्देश असेल’ म्हणून समजून घेतात. त्यांना काय ऐकायला आवडेल ते ओळखून तसं बोलतात. त्यांच्या मर्यादा पोटात घालतात. त्यांचा अहंकार दुखावू नये याची काळजी वाहतात. आणि उपकाराचं ओझं बाळगतात.

टेपवर ऐकू येतं, ‘हो, बरोबर आहे तुमचं.’ बटण दाबून क्लायंट सांगतो, इथं मला अजिबात पटलं नव्हतं.

पण रेनी यांचे क्लायंट बावळट किंवा दबलेले नव्हते. उलट, ते नातं सांभाळत होते. एकूण उपचार चांगला चाललाय, मग या एका गोष्टीवरून कशाला वाजवायचं, असा हिशेब त्यामागे होता. लग्न टिकलेल्या कुणालाही हा हिशेब ओळखीचा वाटेल. म्हणजे भीड नेहमी उपचाराच्या आड येते असंही नाही. कधी ती उपचाराला सावरून धरते. माझ्या मते रेनी यांच्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही आहे, आणि परीक्षेत नेमकी हीच कुणी लिहीत नाही.

आकड्यांची हौस असलेल्यांसाठी: कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधले मॅट ब्लँचर्ड आणि बॅरी फार्बर यांनी २०१६ मध्ये ५४७ क्लायंटची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या ९३ टक्के लोकांनी कबूल केलं की आपण थेरपिस्टशी कधी ना कधी खोटं बोललो आहोत. खोटं म्हणजे काही गुन्हे लपवणं नव्हे. त्रास आहे त्यापेक्षा कमी सांगणं, हे सर्वांत वरचं, ५४ टक्के. उपचाराचा उपयोग होतोय असं भासवणं, सूचना पटल्याचं दाखवणं, हेही त्यात ठळक होतं.

आणि गंमत अशी की हे सगळं पहिल्यांदा सूत्रात मांडणारे रॉजर्सच. १९५७ मध्ये त्यांनी उपचारानं बदल घडण्यासाठीच्या सहा अटी लिहिल्या. सहावी अट अशी, की थेरपिस्टची समजून घेण्याची आणि स्वीकारण्याची वृत्ती क्लायंटपर्यंत किमान काही प्रमाणात पोचली पाहिजे. थेरपिस्टला वाटून उपयोग नाही, क्लायंटला जाणवलं पाहिजे. बाकीच्या पाच अटी आम्ही पाठ करून घेतो. सहावी तपासायची कशी, हा प्रश्न क्लायंटच्या तोंडी असलेल्या ‘हो’वर येऊन अडतो.

आमच्याकडचा हात

आपल्याकडे या भिडेला गोड चव आहे. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर ‘मॅडम, खूप बरं वाटतंय’ येतं. संक्रांतीला तिळगूळ, मुलाचा निकाल लागला की पेढे. ‘तुमच्यामुळेच.’ ‘तुम्ही सांगाल तसं.’ यातलं काहीच खोटं नसतं. पण ‘तुम्ही सांगाल तसं’ ऐकलं की हल्ली मला ओंजळ दिसते.

माझंच एक सांगते, ओळखू येईल असे तपशील बदलून. पूर्वी मी ज्या केंद्रात काम करायचे, तिथं सेशन संपलं की क्लायंटनं एक फॉर्म भरायचा. पाच प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. फॉर्म माझ्याच टेबलावर, माझ्याच पेननं, मी समोर बसलेली असताना. आता लिहिताना हसू येतं, तेव्हा ही आम्हाला शास्त्रीय पद्धत वाटायची. एक बाई सहा वेळा आल्या. सहाही फॉर्मवर सगळीकडे पाच. सातव्यांदा आल्या नाहीत. ‘बऱ्या झाल्या असतील’ असं मी फाईलवर जवळजवळ लिहिणारच होते.

काही महिन्यांनी एका सहकारी मैत्रिणीनं केंद्रातर्फे जुन्या क्लायंटना फोन केले. तिला मी एकच विनंती केली होती, समाधानी आहात का असं विचारू नकोस. त्याऐवजी, खोलीत बसलेलं असताना मनात आलं पण बोलला नाहीत असं काही होतं का, ते विचार. आधी अर्थातच ‘छे छे, ताई फार चांगल्या आहेत’ झालं. मैत्रीण गप्प राहिली. ती गप्प राहण्यात पटाईत आहे. मग त्या म्हणाल्या, ‘ताई सारख्या दाराकडे बघायच्या. मला वाटायचं, बाहेर पुढचं कुणीतरी आलंय. मग मी आवरतं घ्यायचे. आपल्यापेक्षा जास्त त्रासातलं कुणी असेल, आपण कशाला वेळ खायचा.’

मी दाराकडे कधीच बघत नव्हते. दारावर घड्याळ होतं. क्लायंटच्या डोक्यामागे, मला दिसावं आणि त्यांना दिसू नये म्हणून मीच तिथं लावून घेतलेलं. अगदी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे.

दुसऱ्या दिवशी घड्याळ बाजूच्या भिंतीवर आलं, दोघांनाही दिसेल असं. फॉर्म स्वागतकक्षात गेला आणि बंद पेटीत टाकायचा झाला. मग एका दुपारी कपाटातून जुने फॉर्म काढून बसले. त्या खोलीत, त्या खुर्चीत, त्या दाराकडे पाठ करून बसलेल्या सगळ्यांचे. दोन गठ्ठे होते. मी त्यात दार शोधत होते. ‘इतर सूचना’ या ओळीवर बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, ‘काही नाही.’ एकानं लिहिलं होतं, ‘पंखा थोडा आवाज करतो, पण चालेल.’ आणि त्याच्याच वर, पाचही प्रश्नांना, माझ्या पेननं: पाच, पाच, पाच, पाच, पाच.